रुपयाचा भांग

रुपया जेवणाच्या टेबलावर, केळीच्या पानाच्या तुकड्यावर होता. अनिलने तो सराफाच्या पुडीतून काढून तिथं ठेवला, त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. ग्रहमख आटोपून गुरुजी गेले होते. पाहुणे जेवून माडीवर पंख्याखाली पडले होते. उद्याचा नवरदेव, विनीत, फेटे आणि फुलांचं सामान पोचवायला कार्यालयात गेला होता. तो परतायच्या आत काय ते ठरायला हवं, हे न बोलता सगळ्यांना कळलं होतं.

"सराफ काय म्हणाला, ते जसंच्या तसं सांग," आप्पा म्हणाले.

अनिलने, त्यांच्या धाकट्या मुलाने, दुसऱ्यांदा सांगितलं. पुतण्याच्या बायकोसाठी जोडवी आणायला तो बाजारात गेला होता, तेव्हा देवघरातला रुपयाही उजळून आणावा म्हणून त्याने बरोबर घेतला. सराफाने तो संगमरवरावर टाकला, कान दिला, पुन्हा टाकला. मग वजन केलं. राणीछाप रुपया म्हणजे नेमका एक जुना तोळा, अकरा पूर्णांक सहासष्ट ग्रॅम. हा अर्ध्या ग्रॅमहून जास्त कमी भरला. आणि आवाज बद्द. सराफ वाईट माणूस नव्हता. रुपया परत देताना त्याने आवाज खाली आणून विचारलं होतं, दादा, हा तुम्हाला कुणी दिला?

"कसाला लावला?" निशिगंधाने विचारलं.

"मीच नको म्हटलं. देवाचा रुपया दगडावर कसा घासायचा?"

निशिगंधाने मान हलवली. आप्पांची ही मधली मुलगी ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेत असे आणि घरातही तशीच बोलत असे, थोडं आणि मोजकं. यंत्रावर तपासून घेता येईल, एवढं तिने सुचवलं. आप्पांनी ते तिथंच तोडलं. रुपया पुन्हा घराबाहेर जाणार नव्हता. लग्नघरातली माणसं बाजारात रुपया तपासत फिरतात, ही बातमी मांडवीपासून नाचण्यापर्यंत साऱ्या गावात जायला वेळ लागला नसता.

मागच्या पडवीतून इतका वेळ खोबरं खवण्याचा आवाज येत होता. तो थांबला आहे, हे निशिगंधाच्या लक्षात आलं.

*

हेमा, विनीतची आई, विळीवर बसली होती. अर्धी वाटी खवून झाली होती आणि हात थांबला होता.

हा रुपया तिच्या ओटीत पडला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर सासू तो घालायची. रुपया एक रात्र सुनेच्या उशाशी राहायचा आणि सकाळी सासूच्या हाती परत जायचा. सासूबाई, हौसाबाई, यांनी तिला रुपयाच्या कडेची लहानशी खाच दाखवली होती. राणीच्या डोक्यावर नेमकी आलेली. "हा लक्ष्मीचा भांग. यात अनामिकेने कुंकू भर. दिवाळीला रुपया राखेने आणि आमसुलाने लख्ख घासायचा, पण भांगाला हात लावायचा नाही. कुंकवावर कुंकू." हेमाने तसंच केलं होतं. नवरा, शेखर, गेल्यावर तिने कुंकू लावणं सोडलं, पण दिवाळीला रुपया घासायचं काम तिच्याकडेच राहिलं. भांग तेवढा दर वेळी निशिगंधाने भरला.

गेल्या महिन्यात आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, विनीतच्या बायकोची ओटी हेमाच भरेल. विधवेने ओटी भरायची, यावर भावकीत कुजबुज झाली होती. आप्पा ऐकले नाहीत. त्या दिवसापासून हेमा मनातल्या मनात तांदळाची ओंजळ धरून पाहत होती.

हात पुसून ती आत आली.

अनिल खुर्चीतून उठून उभा राहिला. वहिनीसमोर बसून हे विचारणं त्याला जमलं नसतं.

"वहिनी, राग मानू नकोस. शेखरदादा दवाखान्यात होता तेव्हा तो जुनी नाणी घेणारा आला होता. आठवतो?"

"आठवतो."

"तू रुपया बाहेर आणलास. मी पायरीवर होतो."

"आणला. त्याने किंमत सांगितली. मी परत नेऊन ठेवला."

"तोच ठेवलास?"

वेदिका, अनिलची बायको, टेबलावरच्या सुपातले अक्षतांचे तांदूळ निवडत होती. तिची बोटं एकाच खड्याभोवती फिरत राहिली.

"भाऊजी," हेमा म्हणाली, "तुम्हाला सहा वर्षांनी आठवलं का हे?"

अनिलला ते सहा वर्षं आठवत होतंच. बोलला नव्हता. बोलला असता तर शेखरच्या औषधांचं कोण बघतंय, हेही बोलावं लागलं असतं, आणि तेव्हा तो डोंबिवलीहून महिन्यातून एकदा येऊन पायरीवर बसत होता, त्यापलीकडे काही करत नव्हता. आज सराफाच्या दुकानात, जोडव्यांचे ट्रे समोर असताना, त्याला वाईट वाटण्याआधी क्षणभर हलकं वाटलं होतं. ते त्याला स्वतःलाच आवडलं नव्हतं.

"मी चोरी म्हणत नाही," तो म्हणाला. "अडचणीत माणूस काय करील सांगता येत नाही. दिला असशील तर सांग, विषय संपला. खाच काय, दुसऱ्या रुपयालाही पाडता येते. पण खोटा रुपया ओटीत घालायचा नाही. आणि मग ओटी…" त्याने वेदिकेकडे पाहिलं. "ओटी हिने भरावी. कुणी काही विचारणारही नाही."

वेदिकेने सूप बाजूला सारलं. "मला यात ओढू नका हं."

हेमाने आप्पांकडे पाहिलं. ते 'गप रे' म्हणतील, असं तिला वाटलं होतं.

आप्पा रुपयाकडे बघत होते. त्यांच्या वडिलांनी हा रुपया जांभ्याच्या पायरीवर वाजवून दाखवला होता. देवळातली लहान घंटा वाजावी तसा तो वाजला होता. निदान आप्पांना तसं आठवत होतं. उद्या संध्याकाळी भावकी दारात उभी असेल. ओटीचा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला होता, आणि आता तीच माणसं म्हणतील, बघा, तिच्या हाती दिला आणि देवाचा रुपयाही राहिला नाही. या वयात त्यांना भांडणाची भीती नव्हती. आपण चुकलो असं निघण्याची होती.

"निशी," ते म्हणाले, "घासल्याशिवाय कळायची काही युक्ती आहे काय गो तुझ्याकडे?"

म्हणजे आप्पांनाही कळून घ्यायचं होतं. हेमा भिंतीला टेकली.

*

युक्ती होती. अकरावीची मुलं ती पहिल्या सत्रात करतात.

निशिगंधाने कपाटातून आपला लहान तराजू आणला. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, तळहाताएवढा. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. झिजून वजन कमी होतं, आकार कमी होतो, पण धातू तोच राहतो. म्हणून वजनाला जागेने भागायचं. रुपया पाण्यात लोंबकळत धरला की जेवढं पाणी बाजूला होतं, तेवढाच भार तराजूवर वाढतो, आणि तेवढी त्याची जागा. राणीछाप रुपयाच्या चांदीत थोडं तांबं असतं. भागाकार सव्वादहाच्या आसपास यायला हवा. जर्मन सिल्व्हर असेल तर साडेआठ. निम्मी चांदी, निम्मी भेसळ असेल तर साडेनऊ.

"आकडा आला की मी वाचून दाखवीन," ती म्हणाली. "काहीही आला तरी."

वजन अकरा पूर्णांक तीन शतांश. तिने स्टीलचं फुलपात्र पाण्याने भरून तराजूवर ठेवलं, आकडा शून्यावर आणला, रुपयाला शिवणाचा दोरा बांधला आणि तो तळाला टेकणार नाही इतपत आत सोडला. माडीवर कुणीतरी खोकलं. आकडे हलले, स्थिर झाले. एक पूर्णांक सोळा.

भागाकार तिला कागदावर करायची गरज नव्हती. तिला तो दिसला, आणि त्याबरोबर आणखीही एक गोष्ट तिच्या मनात आली: असेल. शेखरची ती शेवटची वर्षं. हेमाने विकलेल्या पाटल्या. असेल.

"साडेनऊ," ती म्हणाली.

अनिलने सुस्कारा सोडला. त्यात आनंद नव्हता, पण सुस्कारा होता. आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हेमा काहीच बोलली नाही. ती नाकारत का नाही, हा प्रश्न निशिगंधाला पडला, आणि त्या प्रश्नाने ती अधिकच घाबरली.

"म्हणजे अर्धी भेसळ," अनिल म्हणाला. "सराफ काय वेगळं म्हणत होता?"

निशिगंधा रुपया बाहेर काढत होती. पाण्यावर तेलाचा बारीक तवंग आला होता. ओला दोरा फुगला होता, आणि राणीच्या चेहऱ्यावर दोन-तीन बुडबुडे साबुदाण्यासारखे चिकटले होते. एक सगळ्यात मोठा भांगावर होता, कुंकवाच्या पुटाखालून वर आलेला. स्टीलच्या भांड्यात हे काहीच दिसलं नव्हतं. काचेचं भांडं घ्या, हे ती दरवर्षी मुलांना सांगत असे.

"हे मोजमाप चुकीचं आहे," ती म्हणाली. "रुपया तेलकट आहे. त्याला हवा धरून राहिली. हवेचीही जागा यात मोजली गेली."

"आता चुकीचं?" अनिलने विचारलं.

"आता दिसलं म्हणून आता."

रुपया स्वच्छ धुवायला हवा होता. नुसता वरून नाही. भांगातलं कुंकू काढून. ती ते म्हणाली आणि आप्पा एकदम ताठ झाले.

"ते नाही काढायचं. माझ्या आईचं कुंकू आहे त्यात. तिच्या सासूचं आहे. ते काढून मग रुपया खरा निघाला तर काय करशील? परत आणशील?"

"नाही आणता येणार," निशिगंधा म्हणाली.

"मग राहू दे. ओटी वेदिका भरील. रुपया देवघरात राहील. खरा-खोटा कुणाला सांगायची गरज नाही."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी हेमाकडे पाहिलं नाही. भिंतीशी उभी असलेली हेमा पुढे आली आणि निशिगंधाने पानावर परत ठेवलेला रुपया तिने उचलला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला घरच्या सुनेचा हात लागला होता, असं वेदिकेला उगीचच वाटलं.

"माझंही आहे त्यात," हेमा म्हणाली. "मी काढते."

"हेमा."

"आप्पा, उद्या ओटी कुणीही भरू दे. पण हे असं झाकून ठेवलंत, तर विनीत या घरात मान वर करून कसा राहील? त्याची बायको कशी राहील?"

आप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि ते तेवढंच उत्तर होतं.

*

मागीलदारी, माडाच्या आळ्याजवळच्या दगडावर, हेमाने रिठ्याच्या कोमट पाण्यात रुपया भिजत ठेवला. निशिगंधाने खराट्याचा एक हीर तासून दिला. लोखंड लावू नको, ओरखडा उठेल, एवढंच सांगितलं आणि ती बाजूला बसून राहिली.

कुंकू सुटत नव्हतं. वरचा थर लाल निघाला, त्याखाली तपकिरी, त्याखाली जवळजवळ काळा. हेमा हीर फिरवत होती आणि पाणी बदलत होती. पाटावर बसवून सासूबाईंनी धरलेलं तिचं बोट तिला आठवत होतं. कोणता थर आपला, हे ओळखायची सोय नव्हती.

"वन्सं," ती मान वर न करता म्हणाली, "मी त्याला पाणी आणायला आत गेले होते."

"कुणाला?"

"नाणीवाल्याला. उन्हातून आलेला माणूस. किंमत नको म्हटलं, तरी दारात आलेल्याला गूळपाणी द्यायला नको? मी आत गेले तेव्हा रुपया त्याच्या हातात होता." हीर थांबला. "परत आले तर पायरीवर ठेवलेला होता. मी उचलून आत नेला. पाहिला नाही."

"आणि अनिल?"

"तेवढ्यात त्यांना फोन आला होता. गेटकडे गेले होते."

निशिगंधाला आता हेमाच्या गप्प राहण्याचा अर्थ कळला. सगळी दुपार हेमा त्या आकड्याची इतरांइतकीच वाट बघत होती. तिलाही माहीत नव्हतं.

"आणि दुसरं असं," हेमा म्हणाली, "किंमत मी नुसतीच ऐकली नव्हती. रात्रभर ती डोक्यात होती. म्हणून मघाशी भाऊजींना फार बोलवेना."

तिने रुपया पाण्यातून काढून पदराने पुसला आणि निशिगंधाच्या हातात दिला. लालसर पाणी तिने माडाच्या मुळाशी ओतलं, हळूहळू, एका जागी.

*

या वेळी काचेचा ग्लास होता. दोऱ्याऐवजी निशिगंधाने विनीतच्या मासे पकडायच्या गळाची बारीक नायलॉनची दोरी घेतली. ग्लासातला रुपया सगळ्यांना दिसत होता. त्याच्यावर एकही बुडबुडा नव्हता. वजन दहा पूर्णांक सत्त्याण्णव. पाणी एक पूर्णांक सहा शतांश.

"दहा पूर्णांक पस्तीस," ती म्हणाली.

आप्पांनी डोळे मिटले. पण अनिल पुढे वाकला होता.

"थांब. पहिला आकडा आला तेव्हा तू थांबली नाहीस. हा आला आणि थांबलीस. आकडा आवडेपर्यंत मोजत राहायचं, याला शास्त्र म्हणतात काय?"

तो टोमणा होता, आणि बरोबरही होता. निशिगंधाला ते लगेच कळलं. पहिल्याच खेपेला सव्वादहा आले असते तर तिने बुडबुडे शोधले असते का? नसते. भांडं धुऊन ठेवून दिलं असतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मग तू मोज."

अनिलने हात मागे घेतला.

"मी मोजते," वेदिका म्हणाली.

ती उठून टेबलाशी आली. कसं धरायचं ते तिने निशिगंधाला विचारलं, मग तिला दोन पावलं मागे उभं राहायला सांगितलं. पाणी तिने स्वतः नव्याने भरलं. रुपया बुडवताना तिने ओठ दाताखाली धरला होता. हेमाकडून ओटीचा मान काढला गेला, तर उद्या त्या जागी हिला बसावं लागणार होतं. तिला काय हवं आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणालाही सांगता आलं नसतं. अनिललाही नाही, आणि तो लग्नाला वीस वर्षं झालेला नवरा होता.

"एक पूर्णांक सात," वेदिका म्हणाली. "भागा."

"दहा पंचवीस. चांदी आहे," निशिगंधा म्हणाली. "दोन्ही खेपांत. एवढा फरक तराजूचाच असतो."

"मग वाजत का नाही?" हे आप्पांनी विचारलं. त्यांना ते विचारायचं नव्हतं असं वाटलं, पण विचारलं.

निशिगंधाने भिंग आणलं आणि रुपया खिडकीशी नेला. कुंकू निघालेल्या भांगात आतला धातू पांढरा होता, कडेपासून तळापर्यंत एकसारखा. तांब्याची लाली कुठंही नव्हती. खाचेची एक बाजू सरळ उभी होती, दुसरी उतरती. झिजलेला धातू असा झिजत नाही. आणि तळापासून एक बारीक चीर, केसाएवढी, राणीच्या कपाळाकडे गेली होती. तिने भिंग आप्पांच्या हाती दिलं.

"हा छिन्नीचा घाव आहे, आप्पा. कुणाला तरी पूर्वी संशय आला होता. कड छाटून आत काय आहे ते बघितलं. आतही चांदीच निघाली, म्हणून रुपया राहिला. वजनातली तूट त्या छाटीची आणि झिजेची. पण घावाने चीर गेली. चिरलेला धातू वाजत नाही."

आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे भांग नव्हेच."

"नंतर झाला असेल," निशिगंधा म्हणाली.

"आणि बाबांनी मला वाजवून दाखवला होता तो?"

घाव आप्पांच्या वडिलांच्या आधीचा की नंतरचा, आप्पांनी तो नाद ऐकला होता की ऐकल्याचं ऐकलं होतं, हे तपासायला निशिगंधाकडे काही साधन नव्हतं.

अनिलने घसा खाकरला. "वहिनी," तो म्हणाला आणि खुर्ची सरळ करू लागला. फाटकाशी मोटारसायकल वाजली. विनीत आत आला तेव्हा टेबलावर काचेचा ग्लास, तराजू आणि पाच गप्प माणसं होती.

"काय चाललंय?"

"आत्या रुपया धूत होती," हेमा म्हणाली. "फेटे पोचले सगळे? हात धू, खायला देते."

*

संध्याकाळी आमसुलाचं सार उकळत असताना निशिगंधा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिला जे सांगायचं होतं ते न सांगताही दिवस गेले असते. म्हणूनच आजच सांगायला हवं होतं.

"पहिला आकडा आला ना, तेव्हा मला वाटलं होतं, असेल."

हेमाने गॅस बारीक केला. "मलाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तू सांगितलंस ते बरं केलंस. आप्पा सांगणार नाहीत."

*

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नवी सून, मनस्विनी, माप ओलांडून आत आली. भावकी दारात होती, पडवीत होती, खिडकीशी होती. आप्पांनी हेमाला हाक मारली, मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी. हेमाने ओंजळीने तांदूळ घातले, नारळ घातला, वर रुपया ठेवला. वेदिका निरंजन घेऊन तिच्या शेजारी उभी होती. सांगितलं नव्हतं, तरी उभी होती. म्हाताऱ्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. अनिल त्यांच्याकडे पाहत राहिला, त्यांनी मान वळवेपर्यंत.

सासूला वाकून नमस्कार केल्यावर मनस्विनीचं लक्ष रुपयाच्या रिकाम्या खाचेकडे गेलं.

"यात कुंकू भरायचं असतं ना? विनीत म्हणाला होता."

"तुझ्या मनात असेल तर भर," हेमा म्हणाली. "आज रात्री उशाशी ठेव. सकाळी मला परत द्यायची पद्धत आहे. मला देऊ नकोस. आप्पांना दे, सगळे चहाला बसलेले असताना."

"तुम्हाला का नको?"

"मी खूप दिवस सांभाळला."

तिचा आवाज इतका साधा होता की मनस्विनीला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मागे उभ्या असलेल्या निशिगंधाला वाटलं. आप्पांनाही ऐकू गेलं होतं. ते दाराशी पाहुण्यांना निरोप देत होते आणि मध्येच त्यांनी मागे वळून पाहिलं.

सकाळी पडवीत सगळे चहाला बसले होते. हेमा मुद्दाम लांब, पायरीवर बसली होती, कपावर बशी पालथी घालून. मनस्विनी न्हाऊन आली आणि तिने रुपया आप्पांच्या हातावर ठेवला. खाचेत कुंकू होतं, ताजं, थोडंसं, एकच बोट लावलेलं.

आप्पांनी देवघराची किल्ली हेमाच्या कमरेला पाहिली. ती काढून कुठं ठेवावी हे हेमाने अजून ठरवलं नव्हतं. त्यांनी तिला हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं. रुपया त्यांच्या तळहातावर होता. जुन्या सवयीने अंगठ्याचं नख टिचकी मारून नाद ऐकायला वर आलं.

अनिलने चहाचा घोट तोंडातच धरला. हेमाने वर पाहिलं.

आप्पांचा अंगठा तसाच राहिला, हवेत. मग त्यांनी तो रुपयावर ठेवून मूठ मिटली, काठी घेतली आणि कुणाची मदत न घेता पायरीपर्यंत चालत गेले. हेमाच्या शेजारी, एक पायरी खाली, ते बसले. मूठ त्यांनी मांडीवर ठेवली, आणि ती उघडून रुपया हेमापुढे धरायचं काही केल्या त्यांना धाडस होईना.